मुक्त स्रोतातली उमेदवारी



गेल्या महिन्यात काहीच लिहिणं झालं नाही. आधी गुडघ्याचं दुखणं, मग धाकट्या दिरांकडचं लग्नकार्य. लग्नात दोघातिघांनी "तुमची अनुदिनी वाचतो हं आम्ही" असं आवर्जून सांगितलं, तेव्हा बरं वाटलं आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. म्हणून आज बसलेच लिहायला.

विषय तसा माझ्या आवाक्याबाहेरचा, संगणकाचा. पण खोलात गेले तेव्हा लक्षात आलं, की अरे, हे तर आपलंच आहे. शिकवण्याचं.

झालं असं, की लग्नाच्या गडबडीत माझी नात, म्हणजे लेकीची धाकटी, मागच्या पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. ती पुण्याला एका कंपनीत आज्ञावल्या लिहिते. कॉलेजात असताना तिनं तीन महिने एका परदेशी मुक्त स्रोत प्रकल्पात घरबसल्या शिकत शिकत काम केलं होतं. शिकवणारा माणूस दुसऱ्या खंडात आणि ही आमच्या माजघरात कानाला ते यंत्र लावून बसलेली. आता त्याच प्रकल्पानं तिला विचारलंय, की यंदा नव्या उमेदवाराला तू शिकवशील का? पगार नाही, संध्याकाळचा वेळ द्यायचा. ती म्हणाली, "आजी, तू छत्तीस वर्षं शिकवलंस. सांग, हो म्हणू की नको?"

मी पटकन म्हणून गेले, "हो म्हण की. विद्या दिल्यानं वाढते."

"ते शाळेच्या भिंतीवर ठीक आहे गं. रात्री नऊला घरी आल्यावर आठवड्याचे पाच-सहा तास कुठून आणू ते सांग."

मी गप्प. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. उत्तर येत नसलं, की याआधी लोकांनी काय केलं ते शोधायला लागतो. तिनं मला दुवे पाठवले, इंग्रजी अडलं तिथं फोनवर समजावून दिलं, आणि गेले तीन आठवडे मी तेच वाचते आहे. ते तुमच्यापुढं ठेवते.

जाणकार अनुदिनीकारांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, तो माझ्या नातेवाइकांसाठी आहे. आपण संगणकावर जी आज्ञावली वापरतो ती मुळात कुणीतरी लिहिलेली असते. बहुतेक कंपन्या ते लिखाण कुलपात ठेवतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन माणसानं जाहीर केलं, की मी एक संपूर्ण प्रणाली लिहिणार आणि तिचं लिखाण कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल. त्याचं नाव ग्नू. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक छोटी प्रणाली करतोय असं आंतरजालावरच्या मंडळींना कळवलं. ते लिनक्स. पुढं १९९८ मध्ये या सगळ्या पद्धतीला 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्त स्रोत, हे नाव रूढ झालं. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे.

म्हणजे वही सगळ्यांसाठी उघडी. कुणीही यावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. दुरुस्तीचा कागद मूळ माणसांकडं पाठवायचा, त्याला ते लोक 'पॅच' म्हणतात, आपल्या भाषेत ठिगळ. पटलं तर ते तुमचं ठिगळ वहीत चिकटवतात.

ऐकायला किती छान! पण शाळेचं फाटक उघडं असलं म्हणून पोरं वर्गात येऊन बसतात असं थोडंच आहे? सुरुवातीच्या काळात नवा माणूस यायचा तो असा: महिनोन् महिने इतरांचे संवाद नुसते वाचायचे, कोण मोठा कोण खट्याळ ते ओळखायचं, मग धीर करून एक ठिगळ पाठवायचं. त्यावर कधी शाबासकी, कधी "आधी माहितीपुस्तक वाच" अशी खरमरीत ओळ, आणि बरेचदा काहीच नाही. जो टिकला तो टिकला. पूर्वी गवयाच्या घरी पाणी भरत, तंबोरा लावत, भिंतीआडून ऐकत शिकायचे, तसंच. त्यातून थोर लोक तयार झाले हे खरं. पण किती जण दारातून परत गेले याची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

याला पद्धतीचं रूप देणाऱ्या पहिल्या मोठ्या मंडळींत डेबियनचा नंबर लागतो. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. माणसं इतकी वाढली, की १९९९ साली नव्यांना सभासद करून घेणंच त्यांनी काही काळ थांबवलं, आणि २००० मध्ये नवी पद्धत घालून दार पुन्हा उघडलं. आता नव्या माणसाची शिफारस जुन्या सभासदानं करायची. मग एक जण त्याच्यासाठी नेमून द्यायचा. तो त्याची ओळख पटवून घेणार, मुक्त स्रोताची तत्त्वं समजली आहेत का ते विचारणार आणि हातचं काम तपासणार. पूर्ण सभासद होईपर्यंत नव्याचं काम जुन्या माणसानं पाहून स्वतःच्या सहीनं पुढं पाठवायचं, म्हणजे जामीनच राहायचं. आपल्याकडं छापखान्यात, शिंप्याकडं, सुताराकडं पोरगा उमेदवारी करायचा, तेव्हा बिघडलेल्या कापडाची भरपाई मालक सोसायचा. ही तशीच उमेदवारी. 'उमेदवार' हा शब्द निवडणुकीनं पळवला त्याआधीचा त्याचा अर्थ असा सुंदर होता.

पुढचा टप्पा २००५ चा. गूगलनं 'समर ऑफ कोड' नावाचा कार्यक्रम काढला. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं हॉटेलात बर्गर उलटत पैसे मिळवतात. त्याऐवजी त्यांनी मुक्त स्रोताच्या प्रकल्पात काम करावं आणि गूगलनं पैसे द्यावेत, ही कल्पना. आधी दोनशेच विद्यार्थी घ्यायचे ठरलं होतं, अर्ज आले आठ हजारांवर, तेव्हा आकडा चारशेवर नेला. विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि शिकवणाऱ्या संस्थेला माणशी ५०० डॉलर.

मला यातली रचना आवडली. गूगल स्वतः शिकवत नाही. प्रकल्प आपापल्या कामांची यादी लावतात, विद्यार्थी त्यातलं एखादं घेऊन 'मी हे असं करीन' असा आराखडा लिहितो, आणि प्रत्येकाच्या नावापुढं एका मार्गदर्शकाचं नाव लागतं. मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा तो मार्गदर्शक 'उत्तीर्ण' की 'अनुत्तीर्ण' ते लिहितो, त्यावर पैसे अवलंबून. म्हणजे काम ठरलेलं, मुदत ठरलेली, जबाबदार माणूस ठरलेला, आणि नापास होण्याची सोय. शेवटचं फार महत्त्वाचं बरं का. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही तिच्या पासाला पोरंही किंमत देत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते.

तेव्हापासून हा कार्यक्रम दरवर्षी होत आला आहे आणि वीस हजारांहून जास्त जण त्यातून गेले आहेत. आपल्या देशातली मुलं त्यात फार मोठ्या संख्येनं असतात. पण पहिल्या काही वर्षांत जगात सर्वांत जास्त विद्यार्थी कुठल्या विद्यापीठाचे? श्रीलंकेतल्या मोरातुवा विद्यापीठाचे! एका वर्षीची मुलं पुढच्या वर्षीच्या मुलांना आराखडा कसा लिहायचा ते सांगू लागली, की एखाद्या कॉलेजात अशी परंपराच पडते. आमच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं असंच होतं. एका आळीतली पोरं लागली, की वर्षानुवर्षं त्याच आळीतली लागायची. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट काढली. अठरा वर्षांवरच्या कुणाही नवख्याला आता अर्ज करता येतो.

पैसे न देताही हे जमतं, हे केडीई या प्रकल्पानं दाखवलं. गूगलच्या यादीत जागा न मिळालेल्या मुलांसाठी त्यांनी २००६ मध्ये 'सीझन ऑफ केडीई' सुरू केलं. काम तसंच, मार्गदर्शक तसाच, फक्त पैसे नाहीत. शेवटी प्रशस्तिपत्रक आणि टी-शर्ट.

आता मी त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका गोष्टीकडं येते. ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला.

ग्नोम नावाचा प्रकल्प आहे. लिनक्सवरच्या खिडक्या, बटणं, जे आपल्याला पडद्यावर दिसतं ते घडवणारा. २००६ च्या समर ऑफ कोडसाठी त्यांच्याकडं १८१ अर्ज आले. त्यात मुलींचे किती? शून्य.

एकही नाही! दार तर सगळ्यांना उघडं होतं. जाहिरातीत 'मुलींनी येऊ नये' असं कुणी लिहिलं नव्हतं. कुणी म्हणालं असतं, त्यांना आवड नाही, आपण काय करणार? पण हॅना वॉलक आणि ख्रिस बॉल या दोघांनी तसं म्हटलं नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांनी फक्त विद्यार्थिनींसाठी वेगळा छोटा कार्यक्रम जाहीर केला. मानधन ३,००० डॉलर. आणि अर्ज किती यावेत? शंभर! जागा सहाच होत्या, त्या भरल्या.

तेच काम, तोच प्रकल्प, तोच उन्हाळा. एकदा शून्य आणि एकदा शंभर. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी 'तुम्ही या' असं त्यांना उद्देशून म्हटलं गेलं.

मंडळी, इथं मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. घरच्यांनाही ती ठाऊक नाही.

मी शाळेत इतिहास मंडळ चालवत असे. आठवी-नववीची मुलं घेऊन रविवारी गावात हिंडायचं, जुनी कागदपत्रं पाहायची, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या, वर्षातून एकदा एखादा किल्ला. जूनमध्ये मी फळ्यावर लिहायची, 'इतिहास मंडळात येऊ इच्छिणाऱ्यांनी नावे द्यावीत.' नावं यायची, बहुतेक सगळी मुलांची. मुली एखाद-दुसरी, तीही शिक्षकांच्या घरातली. मी स्वतः बाई असून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. 'मुलींना हिंडायची आवड नसते, घरचेही सोडत नाहीत' असं मी शिक्षकखोलीत कितीदा म्हटलं असेन. एका वर्षी नव्हे, अकरा वर्षं.

निवृत्तीनंतर एकदा बाजारात भाजी घेताना एक बाई पुढं आली, वाकून नमस्कार केला. माझीच विद्यार्थिनी. संसाराची, मुलाबाळांची चौकशी झाली. जाता जाता हसत म्हणाली, "बाई, मला तुमच्या मंडळात यायचं होतं फार. आमच्या आजोबांकडं मोडीतले कागद होते, ते तुम्हाला दाखवायचे होते."

"अगं मग नाव का नाही दिलंस?"

"तुम्ही फळ्यावर लिहायचात ना बाई. मला कुठं विचारलंत?"

हसतच म्हणाली ती, रागानं नाही. आजोबा गेल्यावर ते कागद बंबात गेले, हेही तिनंच सांगितलं. मी मेथीची जुडी हातात घेऊन तशीच उभी होते. एवढं एक वाक्य, "तू येतेस का गं?", म्हणायला मला काय लागलं असतं? त्यामुळं ग्नोमचा तो शून्य वाचला तेव्हा तो मला परका वाटला नाही. माझ्या फळ्यावर तो अकरा वर्षं होता.

असो. ग्नोमचा तो उपक्रम पहिल्या वर्षानंतर थंडावला. तो पुन्हा उभा केला मरीना झुराखिन्स्काया यांनी, २०१० च्या डिसेंबरात, आठ उमेदवार घेऊन. २०१३ मध्ये खुद्द लिनक्सचा गाभा लिहिणारी मंडळी त्यात सामील झाली. २०१५ मध्ये त्याचं नाव 'आउटरीची' झालं आणि तो सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडं गेला. पुढं तो केवळ स्त्रियांपुरता राहिला नाही. या क्षेत्रात ज्यांना ज्यांना डावललं गेलं अशा इतरांसाठीही खुला झाला. २०२३ पर्यंत त्यातून हजारावर उमेदवार शिकून गेले. मरीनाबाई २०२२ मध्ये वारल्या.

त्यांनी शिकवण्याच्या दृष्टीनं एक मोठा बदल केला. नुसत्या अर्जावर निवड नाही. अर्ज करायच्या काळातच प्रत्येकीनं प्रकल्पात एखादं छोटं खरं काम करून दाखवायचं, आणि ते करताना अडलं तर मार्गदर्शकानं मदत करायची. याचा फायदा दुहेरी. ज्याला सुरेख आराखडा लिहिता येतो पण काम येत नाही तो मागं पडतो. आणि जिला आत्मविश्वास नाही पण हात चालतो, तिला स्वतःलाच कळतं, की अरे, जमतंय की मला! शिवाय निवड झाली नाही तरी तिच्या नावावर एक काम जमा झालेलंच असतं.

नात म्हणाली, "आजी, माझं पहिलं काम काय होतं माहितीये? एका माहितीपानावरचे तुटलेले दुवे दुरुस्त करणं. दोन दिवस लागले. ते स्वीकारलं गेलं तेव्हा मी आईला उठवून सांगितलं होतं, रात्री दीडला."

शाळेच्या वयाच्या पोरांसाठीही असं होतं, 'गूगल कोड-इन'. २०१० ते २०१९ या काळात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी काही तासांत संपतील अशी कामं करून ठेवायचे: थोडं लिखाण, थोडं चित्र, थोडी चाचणी. काम एवढं लहान करून ठेवणं हीच खरी मेहनत. पाठाचं टाचण काढणाऱ्या कुणालाही हे पटेल.

आपल्याकडं काय होतं? बंगळूरला अतुल चिटणीस हे आपले बेळगावात वाढलेले गृहस्थ २००१ पासून दरवर्षी लिनक्सचा मोठा मेळावा भरवत. २००५ मध्ये त्याचं नाव फॉस डॉट इन झालं. नुसतं वापरणारे होऊ नका, देणारे व्हा, असा त्यांचा सारखा धोशा असे. ते २०१३ मध्ये गेले. बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स मंडळानं, कुशल दास यांच्या पुढाकारानं, २००८ पासून उन्हाळी वर्ग सुरू केला. फुकट, आणि सगळा नुसत्या टंकलेल्या गप्पांवर, चित्र नाही की आवाज नाही. म्हणजे गावाकडच्या रडतखडत चालणाऱ्या जोडणीवरही बसता येतं. त्यांचा एक नियम मला फार आवडला. प्रश्न विचारायचा असेल तर फक्त एक उद्गारचिन्ह टंकायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. हात वर करणंच ते! पण या हातामागचा चेहरा कुणाला दिसत नाही, त्यामुळं लाजऱ्यालाही करता येतो.

मुंबईत पवईच्या आयआयटीत 'फॉसी' हा प्रकल्प आहे. तिथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त प्रणालीत करून द्यायची, तपासणी झाली की मानधन मिळतं. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही ऐकता येतात. माझ्यासारखीलाही थोडंफार कळतं त्यातलं!

हे सगळं छान छान झालं. आता नातीच्या मूळ तक्रारीकडं येते, वेळ कुठून आणायचा?

तिची तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलं होतं. त्यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं, की रखडलेल्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी रखडतं. कारण नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. म्हणजे शिकवणं हा आधी खर्च आहे. फळ आलं तर पुढच्या हंगामात, आणि तेही झाड आपल्याच अंगणात राहिलं तर. उन्हाळा संपला की निघून जाणारी मुलं पुष्कळ असतात.

मग हा खर्च टाळला तर काय होतं? याचीही दोन उदाहरणं इतिहासात आहेत.

एक २०२० चं. ऑक्टोबर महिन्यात मुक्त प्रकल्पांना चार ठिगळं पाठवली की टी-शर्ट, असा 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम २०१४ पासून चालू होता. त्या वर्षी काही हजार लोकांनी काय केलं, दुसऱ्याच्या वहीत एखादा शब्द उगाच घालायचा आणि 'सुधारणा' म्हणून पाठवायचा. प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. शेवटी महिना संपायच्या आतच नियम बदलावा लागला, की जे प्रकल्प आपणहून तयार असतील तिथलंच काम धरलं जाईल. बोलावणं होतं, बक्षीस होतं, पण समोर शिकवणारा माणूस नव्हता. मी पोरांना दोष देत नाही. 'निबंधाला गुण ओळींवर' असं म्हटलं की आमची पोरंही मोठ्या अक्षरात लिहायची.

दुसरं २०२४ चं, आणि ते भयंकर आहे. एक्सझेड नावाचं, फायली आकसून लहान करणारं एक छोटं साधन. जगभरच्या असंख्य संगणकांत ते असतं. ते सांभाळणारा माणूस मुख्यतः एकच, बिनपगारी आणि थकलेला. २०२१ पासून एक मदतनीस आला. गोड बोलणारा, चांगली ठिगळं पाठवणारा. मधल्या काळात भलत्याच नावांनी त्या थकलेल्या माणसावर तगादा लावला गेला, की तुम्हाला जमत नाही तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यानं हळूहळू किल्ल्या दिल्या. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या मदतनिसानं आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एका यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ते उघड झालं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

अशा घटनेनंतर कुणी म्हणेल, बघा, नव्यांवर विश्वास टाकू नये. मला उलटं वाटतं. तो माणूस एकटा होता, हे त्यातलं दुखणं आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेले चार उमेदवार असते, एकमेकांचं काम पाहणारे, तर किल्ल्या देण्यासाठी त्याला अनोळखी दारावरच्या माणसाची वाट पाहावी लागली नसती.

हे सगळं मी नातीला परवा फोनवर सांगितलं. तिला म्हटलं, "विद्या दिल्यानं वाढते वगैरे मी मागं घेते. आधी वेळ जातो, हे खरं धरून चाल. एकटीनं घेऊ नकोस. दोघीत एक उमेदवार घ्या, म्हणजे एकीचं आजारपण, एकीचं काम निभेल. काम लहान लहान तुकड्यांत आधीच तोडून ठेव, आयत्या वेळी सुचत नाही. आठवड्याचा वार ठरव आणि तो मोडू नकोस. उत्तरं चारचौघांत दे, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्याला पडला तर तुला पुन्हा लिहावं लागणार नाही. आणि काम होत नसेल तर मध्यावरच स्पष्ट सांग, शेवटपर्यंत गोड बोलू नकोस."

ती म्हणाली, "हे सगळं त्यांच्या माहितीपुस्तकात आहे गं आजी."

"असू दे. मी माझ्या शाळेत शिकले."

मग मी तिला भाजीबाजारातली गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या अर्जदारांत एक मुलगी आहे. गप्पांत रोज दिसते, पण प्रश्न एकही विचारलेला नाही तिनं. अर्जाची मुदत पुढच्या सोमवारी संपते."

मी काही सुचवलं नाही. काल रात्री तिचा निरोप आला. तिनं होकार कळवलाय, ऑफिसातल्या एका मैत्रिणीला जोडीला घेऊन. आणि त्या मुलीला तिनं आपणहून चार ओळी लिहिल्या. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारला चार दिवस आहेत.

वाचकांपैकी कुणी अशा कार्यक्रमातून शिकून गेलं असेल, किंवा कुणाला शिकवलं असेल, तर जरूर लिहा. आणि कुणाच्या घरी मोडीतले जुने कागद असतील तर कृपा करून जाळू नका. आधी मला विचारा.